मामाचा फळा

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आजवर जे काही लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे असं लिहायचं असतं की नसतं, हे विचारायलाही घरात कुणी नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्या माझ्या मामाने हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगितलं असतं. मध्येच एखादी कोपरखळी मारून तुम्हाला हसवलं असतं. मला ते जमत नाही. जसं झालं तसं सांगायचा प्रयत्न करतो. कॉम्प्युटरची थोडी माहिती मध्ये येईल. कंटाळा आला तर समजून घ्या, पण तिच्याशिवाय हे सांगता येत नाही.

मामा मीरा रोडला रिक्षा चालवायचा. स्टेशनपासून शांती नगरपर्यंत, शेअर रिक्षा. तो गप्प बसलाय असं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. मराठी माणूस बसला की मराठी, नाहीतर त्याचं ते हिंदी, आणि भाजी घेऊन बसलेल्या गुजराती बायकांशी दोन-चार शब्द गुजराती. एकदा मी मागे बसलो होतो. शेजारची बाई चिडून म्हणाली, "भैया, थोडा जल्दी चलाओ ना."

मामा आरशात बघत म्हणाला, "मॅडम, रिक्षा तो जल्दी है, रस्ता ही धीरे चल रहा है."

ती बाई उतरेपर्यंत हसत होती. उतरल्यावर मामा मला म्हणाला, "बघितलंस? रागात बसली आणि हसत उतरली. एवढं जमलं की दिवस सुटला."

मला तो लहानपणापासून इंजिनिअर म्हणायचा, कारण मी एकदा त्याचा रेडिओ उघडला होता आणि तो पुन्हा चालू झाला होता. पुढे मी बीएस्सीला गेलो तेव्हा मी म्हटलं, "मामा, मी इंजिनिअरिंगला नाही, सायन्सला आहे."

"मग अर्धा इंजिनिअर," तो म्हणाला. "अर्धा तर अर्धा. आपल्याकडे तेवढापण कोण होता?"

आजार बोटांपासून सुरू झाला. रिक्षाचा क्लच दाबताना डावा हात दमायला लागला. मग चहाचा कप निसटू लागला. मग बोलताना शब्द एकमेकांत अडकू लागले आणि स्टँडवरचे लोक त्याला चिडवायचे, "काय उस्ताद, सकाळीच?" त्यालाही ते आधी गमतीचं वाटलं. हॉस्पिटलमध्ये बऱ्याच तपासण्यांनंतर कळलं, की हा नसांचा आजार आहे, एकेक स्नायू निकामी होत जातो आणि त्यावर औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत चांगलं राहील, असं डॉक्टरांनी धीर द्यायला सांगितलं. मामाला त्याने धीर आला की आणखी भीती वाटली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

जीभ पूर्ण थांबल्यावर मामी अक्षरं म्हणायची. "क? ख? ग?" बरोबर अक्षर आलं की मामा डोळे मिटायचा. हॉस्पिटलमधल्या बाईंनी तसं शिकवलं होतं. पण मामीला धीर निघायचा नाही. 'प' आला की ती लगेच, "पाणी? पाणी देऊ? का पाय दुखतोय?" ती प्रेमानेच करायची. मामा थोडा वेळ तिच्याकडे बघायचा आणि मग डोळे मिटून टाकायचा, म्हणजे हो, पाणीच. त्याला पाणी नको असायचं, हे मला दिसायचं.

मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. आमच्या लॅबच्या सरांना हे सांगितलं. कॉलेज एक जुना कॉम्प्युटर मोडीत काढणार होतं, तो त्यांनी मला मिळवून दिला. त्यावर लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, युनिक्सच्या घराण्यातली, फुकट मिळणारी यंत्रणा. तिच्यावर अपंग माणसांसाठी कुणीतरी बनवलेला एक अक्षरांचा तक्ता मिळाला. मी त्यात मराठी अक्षरं बसवली. पडद्याच्या एका कडेला अक्षरांच्या ओळी. एकेक ओळ उजळत जाते. हवी ती ओळ आली की मामाने बोटाखालचं मोठं बटण दाबायचं. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळतात, तेव्हा पुन्हा दाबायचं. वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलणार. घरात सगळे त्याला फळा म्हणायला लागले.

मामाचं पहिलं वाक्य व्हायला फार वेळ लागला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे. कॉम्प्युटरचा आवाज पत्र्यासारखा होता. तो म्हणाला, "हा कोण बोलतोय? सर्दी झालीय का याला?"

मामी हसता हसता रडायला लागली. आईपण. थोड्या वेळाने मामा दुसरं वाक्य जुळवत होता. अर्धं झाल्यावर मामी सवयीने म्हणाली, "जेवायला? जेवायला वाढू?"

मामाने ते वाक्य खोडलं आणि नवीन लिहिलं: "मधे बोलू नको. माझं वाक्य मला पुरं करू दे."

तेव्हापासून तो त्या घराचा नियमच झाला. फळा बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. स्टँडवरचे त्याचे मित्र यायचे, पान खाल्लेल्या तोंडाने गप्प बसून पडद्याकडे बघायचे. कारण मामाच्या वाक्याची गंमत कायम शेवटच्या शब्दात असायची. ती दुसऱ्याने ओळखली की गेली. त्याच तक्त्यातून तो मेसेजच्या खिडकीत टाइप करायचा आणि स्टँडच्या ग्रुपवर सकाळी सकाळी काहीतरी टाकून द्यायचा. "आज ज्याला भाडं मिळणार नाही त्याने इकडे येऊन माझी दाढी करावी." आणि एकजण खरंच आला होता.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग कॉम्प्युटर थकला. पंखा घरघरायचा, वाक्याच्या मध्येच पडदा गोठायचा. मामाचं अर्धं झालेलं वाक्य जायचं. तो मग तेच पुन्हा पहिल्यापासून लिहायचा नाही. म्हणायचा, "विटलं."

सरांनी पुन्हा मदत केली. एक बराच नवा, वापरलेला कॉम्प्युटर मिळाला. मला वाटलं होतं एका शनिवारी सगळं इकडचं तिकडे होईल. तसं होणार नव्हतं.

कारण सांगतो. पडद्यावर आपल्याला ज्या खिडक्या दिसतात, त्या सगळ्यांची व्यवस्था बघणारं एक सॉफ्टवेअर खाली असतं. मामाच्या कॉम्प्युटरवर ते जुनं होतं, त्याला एक्स म्हणतात. ते खूप मोकळं असतं. कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत कुठली बटणं दाबली जातायत ते ऐकू शकतो, आणि स्वतःही दुसऱ्याच्या खिडकीत अक्षरं टाकू शकतो. मामाचा फळा या मोकळेपणावरच जगत होता. तो स्वतः कधी पुढे यायचा नाही. कडेला बसून बटण ऐकायचा आणि अक्षर दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायचा. पण हाच मोकळेपणा धोक्याचा आहे. कुणी चोर प्रोग्रॅम असेल तर तोही सगळं ऐकेल. म्हणून आता त्याच्या जागी नवं सॉफ्टवेअर आलं आहे, वेलँड नावाचं. त्यात प्रत्येक खिडकी आपापल्या खोलीत. शेजाऱ्याचं ऐकायचं नाही, शेजाऱ्याकडे जायचं नाही.

आमची जुनी यंत्रणा नव्या कॉम्प्युटरवर चालेना, पडदा काळाच राहायचा. आणि नवी यंत्रणा टाकली तर तिच्यात एक्स काढून टाकलेलं. तिच्यावर फळा दिसायचा, ओळी उजळायच्या, पण मामाने बटण दाबलेलं त्याला ऐकूच जायचं नाही.

हे मी मामाला समजावून सांगितलं. तो बराच वेळ लिहीत होता. मी थांबलो. फळा म्हणाला, "म्हणजे जुनी ती चाळ आणि नवी ती सोसायटी. चाळीत कुणीही कुणाच्या घरात जाऊन चहा टाकायचा. सोसायटीत वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय."

मी म्हटलं, "अगदी तसंच, मामा."

तो पुन्हा लिहायला लागला. "मग वॉचमनला सांग. आपलाच माणूस आहे. सोड."

खरंच उपाय तोच होता. नव्या व्यवस्थेत चोरून ऐकता येत नाही, पण रीतसर परवानगी मागायची वाट असते. प्रोग्रॅमने मी टाइप करायचं साधन आहे असं आधी सांगायचं, मग त्याला अक्षरं टाकू देतात. फक्त मामाच्या फळ्याला ती वाट माहीत नव्हती, आणि तो बनवणाऱ्यांनी कधीच तो सोडून दिला होता. ती वाट मलाच त्यात बांधावी लागणार होती. मला तेवढं येत नव्हतं. शिकत शिकत करायचं ठरवलं. सरांनी एकच गोष्ट बजावली होती. "जुनं चालू आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. नवं बाजूला उभं कर, पूर्ण तपास, मगच बदल. आणि जुन्याची पूर्ण प्रत काढून ठेव." मी तसंच केलं. मामाच्या सगळ्या फाइलींची, त्याच्या नेहमीच्या शब्दांची प्रत काढून वेगळी ठेवली. नवा कॉम्प्युटर आमच्या घरी, जुना मामाकडे. कॉलेजमधून आलो की बसायचो. गणपतीच्या सुट्टीतही गावाला गेलो नाही. नवरात्र आलं तेव्हा नव्या फळ्याला बटण ऐकू येऊ लागलं होतं, पण अक्षर कधी दोनदा पडायचं, कधी भलत्या खिडकीत जायचं. आणखी थोडे दिवस, असं मी मामाला सांगितलं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या जिवावर घर चालतं त्याची पूजा करतात. माझे बाबा काशीमीऱ्याच्या गोदामाचा टेम्पो चालवतात. मी सकाळपासून त्यांच्याबरोबर टेम्पो धूत होतो. मामा रिक्षा चालवायचा तेव्हा त्याचं हे फार कडक असायचं. नवमीला रिक्षा धुवायची, हार घालायचा, इंजिन बंद करून किल्ली देवापुढे ठेवायची. दसऱ्याला आरती झाल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. एकदा एक ओळखीचा माणूस स्टेशनला सोड म्हणून मागे लागला, तर मामा त्याला म्हणाला, "आज ती देव आहे. देवावर बसून जाणार का?"

त्या दिवशी मामीने कॉम्प्युटर पुसला. हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचा हार घातला, आणि नेहमीसारखी हात जोडणार तोवर मामा फळ्यावर लिहायला लागला. मामी थांबली. फळा म्हणाला, "चालू हत्याराची पूजा करतात का? बंद कर. उद्या आरती झाली की लाव."

"आणि तोवर तुम्ही काय करणार?" मामी म्हणाली.

"उपास," फळा म्हणाला.

मामी हसली आणि तिने बटण बंद केलं. किती महिने तो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालूच होता. हे मला नंतर समजलं, की इतकी जुनी यंत्रं गरम असतात तोवर चालत राहतात, आणि एकदा पूर्ण गार झाली की कधी कधी उठत नाहीत. त्या घरात हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. दसऱ्याला आरती झाली, मामाने डोळ्यांनी खूण केली, मामीने बटण दाबलं. काही झालं नाही.

मी धावत गेलो. स्टेशनजवळच्या रिपेअरिंगवाल्याने उघडून बघितलं. म्हणाला, "बोर्ड गेलाय भाई. याचे पार्ट आता येत नाहीत." डिस्क चांगली होती, माझ्याकडची प्रतही होती. एक अक्षरसुद्धा हरवलं नव्हतं. फक्त ते बोलायला यंत्र नव्हतं, आणि जे होतं ते अजून तयार नव्हतं.

संध्याकाळी स्टँडवरचे मित्र आपट्याची पानं घेऊन आले. मामाच्या छातीवर, मांडीवर पानं ठेवली, पाया पडले. ते सवयीने पडद्यासमोर बसले. पडदा काळा होता, त्याला हार तसाच होता. त्यांच्यातला सगळ्यात जुना दोस्त म्हणाला, "अरे उस्ताद, त्योहार का दिन है, आज तो कुछ बोलो."

मामीने अक्षरं म्हणायला घेतली. मामाने दोन अक्षरांवर डोळे मिटले. 'त'. मग 'म'.

"तुम्ही," मामी म्हणाली. "तुम्ही जेवून जा, असं ना?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने डोळे मिटले. सगळे खूश झाले, म्हणाले, "हां हां, खाके जायेंगे." ते जेवले आणि गेले. मामा काय म्हणणार होता ते मला आजही माहीत नाही. पण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या एका जाड मित्राकडे तो ज्या नजरेने बघत होता त्यावरून ते जेवणाचं नव्हतं. जेवणाचं असलंच तर सरळ नव्हतं.

त्यानंतरचे आठवडे फार वाईट गेले. मामाचं हवं-नको सगळ्यांना कळत होतं. भूक, तहान, कूस बदलणं, सगळं अक्षरांनी भागत होतं. डॉक्टर म्हणाले, छान संवाद आहे की तुमचा. पण त्याची एकही गंमत मी त्या दिवसांत ऐकली नाही. लोक त्याची वाक्यं पुरी करायचे आणि तो डोळे मिटायचा. मामी चांगली वाक्यं करायची, प्रेमळ. शेजारी म्हणायचे, किती शांत झालेत हो. मी घरी येऊन कॉम्प्युटरपुढे बसायचो. अक्षर दोनदा पडायचं. का पडतंय ते कळायचं नाही. आई दारातून विचारायची, "झालं का रे?" मी मान हलवायचो. तिचा भाऊ होता तो.

दिवाळी उलटून गेल्यावर ते सापडलं. चूक लहानशी होती. सापडल्यावर आनंद व्हायला हवा होता, मला नुसतं थकल्यासारखं झालं. सगळं पुन्हा तपासलं. मुद्दाम मध्येच बंद केलं, पूर्ण गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. मेसेजची खिडकी उघडली, मिटली. मामाचे नेहमीचे शब्द प्रतीतून आणले. मग नवा कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन शांती नगरला मामाकडे गेलो.

मधल्या काळात मामाचं बोट गेलं होतं. बटण गालाजवळ बसवावं लागलं. गालाची एक लहानशी हालचाल शिल्लक होती. ओळींचा वेग कमी केला. मामी, आई आणि मी उभे राहिलो. ओळी उजळत होत्या, विझत होत्या. मला वाटलं, नाही जमत. तेवढ्यात पहिलं अक्षर पडलं, एकदाच. मग दुसरं. दारावरची बेल वाजली तरी कुणी हललं नाही.

फळा म्हणाला, "वॉचमनने सोडलं वाटतं."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तिथे थोडा वेळ उभा राहिलो.

तो महिना चांगला होता. ग्रुपवर पुन्हा मेसेज जायला लागले. पण श्वास कमी पडत चालला होता. मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मामी एकटी. त्याला उचलायला ती रोज शेजारच्यांना हाका मारायची आणि नंतर लाजायची. गावाहून, रत्नागिरीकडून, मोठे मामा आले. म्हणाले, "गावाला चल. घर जमिनीवर आहे, माणसं आहेत, दोन सुना आहेत. इथं या बाईने काय काय करायचं?"

आम्ही सगळे मामाकडे बघत होतो. मोठे मामा नियम जाणत नव्हते. ते म्हणाले, "बोलत का नाही? नको म्हणतोय का?"

आई म्हणाली, "दादा, थांबा. तो लिहितोय."

त्याला बराच वेळ लागला. फळा म्हणाला, "येतो. पण फळा बरोबर. नाहीतर इथेच बरा."

"अरे, फळ्याला वेगळी गाडी करू," मोठे मामा म्हणाले, आणि मामाच्या ओठाचा कोपरा हलला.

मी प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवली आणि जिथे ती लावायची तिथेही त्याच रंगाची. मामीने माझ्यासमोर सगळं सोडलं आणि स्वतः पुन्हा जोडलं, एकदा नाही, अनेकदा. तिला व्यवस्थित येत होतं. मग आम्ही तो खोक्यात घातला, जुन्या गोधड्या भरल्या, वरून दोरी बांधली. माझी परीक्षा तोंडावर होती, मला जाता येत नव्हतं. मामा निघायच्या आधी मी त्याच्या कानाशी म्हटलं, "तिथे लागला की पहिला मेसेज मला कर." त्याने डोळे मिटले.

मेसेज आला नाही. गावात रेंज टेकाडावर गेल्यावरच मिळते. मी फोन करत राहिलो. एकदा मोठे मामा टेकाडावर असताना फोन लागला. म्हणाले, "वायरमनला सांगितलंय. घराला अर्थिंग नाही, लाईट वर-खाली होते. तो करून गेला की लावतो."

मी म्हटलं, "मोठे मामा, तसाच लावला तरी चालेल. काही होत नाही."

"तुझी मामी ऐकत नाही रे."

मग मामी बोलली. "नको रे. तिथे नुसता बंद केला तर गेला. इथे लाईट कशी नाचते बघितलीस तर घाबरशील. अर्थिंग झालं की लगेच लावते. एकदा गेला तर ह्यांना पुन्हा कोण देणार?"

मी पुष्कळ सांगून पाहिलं. पण खरं सांगायचं तर मला तिला रागावता आलं नाही. एकदा पाहिलं होतं ना तिने.

"आणि बोलायचं कसं करता?" मी विचारलं.

"अक्षरं म्हणते की. पण दमतात लवकर."

वायरमन पुढच्या वेळी कुणाच्या लग्नाला गेला होता. त्याच्या पुढच्या वेळी गावच्या देवीची जत्रा होती आणि तो मंडपाच्या माळा लावत होता. दर वेळी उद्या. मी परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची एसटी ठरवली. जाऊन स्वतः लावणार होतो, अर्थिंग असो-नसो. शेवटच्या पेपरला जाताना मला आठवतंय, मी लिहिण्याचा नाही, त्या खोक्याच्या दोरीचा विचार करत होतो, की ती सोडायला वेळ जाईल, सुरी बरोबर न्यावी.

पेपर सुटल्यावर कॉलेजच्या दारात मोबाइल चालू केला. मामीचे बरेच कॉल येऊन गेले होते. मी तिथेच भिंतीला टेकून फोन लावला. ती टेकाडावर असावी, वाऱ्याचा आवाज येत होता.

"मामा गेला रे तुझा," ती म्हणाली. "सकाळी. चहा द्यायला उठवायला गेले तर..."

मी नुसतं "मामी" म्हटलं.

"काल संध्याकाळी ह्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी अक्षरं म्हणत होते. दोन झाली आणि श्वास लागला. वायरमन आज येणारच होता." वारा वाजत राहिला. "मीच म्हटलं ह्यांना, राहू द्या आता, दमू नका. उद्या फळा लागला की सांगा."